आलेलूया पेटीत आहे

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. आता पेटी म्हटल्यावर कुणी माझ्यात आंबे शोधायला येऊ नका. मी द्राक्षाची पेटी नाही, टपालाची नाही, मतं टाकायची नाही, आणि आजीच्या पलंगाखाली असते ती तर नाहीच नाही. मी वाजते. एका हातानं भाता हलवायचा, दुसऱ्या हातानं पट्ट्या दाबायच्या, की माझ्या पोटातून सूर निघतात. काही शिकलेली माणसं मला हार्मोनियम म्हणतात. म्हणू देत. बाकी सगळे मला पेटीच म्हणत आले, आणि या एका नावापायी माझ्यावर जे ओढवलं ते ऐकलंत तर पोट धरून हसाल. मी तेव्हा हसले नव्हते. मला हसताच येत नव्हतं, ते का ते पुढे कळेल.

माझा जन्म १९९१ सालचा, नाशकात भद्रकालीतल्या एका बोळात. मला घडवणाऱ्या कारागिराला एकच कान होता. दुसऱ्याचं काय झालं विचारलं की तो म्हणायचा, "पेटीच्या आत बसवला." तुम्हाला खोटं वाटत असेल तर मला सांगा, मी एवढं सगळं ऐकते ते कशानं?

तिथून मी आले नाशकातल्याच अंबडला. कारखान्यांच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या छताचं एक छोटं चर्च आहे. संगमनेर, राहुरीकडून कामाला आलेल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून ते बांधलं. बाक नंतर आले, आधी चटयाच होत्या. पण चटयांच्याही आधी मी आले, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे चटया दोन दिवस आधी आल्या होत्या.

मला वाजवायचा हिरामण साळवे. आठवडाभर कारखान्यात लेथवर लोखंड कातायचा आणि रविवारी माझ्यासमोर मांडी घालून बसायचा. बोटं अशी जाड, की एक पट्टी दाबताना शेजारचीला वाटायचं आपल्याला बोलावलं. पण काय वाजवायचा, मित्रांनो. विशेष करून आलेलूया.

आलेलूया काय ते सांगते. रविवारी मिस्सा असते, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना. त्यात आधी दोन वाचनं होतात. ती लोक बसून ऐकतात. काही जण बसून झोपतात. मग शुभवर्तमान वाचायची वेळ येते, म्हणजे खुद्द येशूची गोष्ट. ती बसून ऐकायची नाही. म्हणून तिच्या स्वागताला आधी सगळे उठून आलेलूया गातात. आलेलूया म्हणजे देवाची स्तुती करा. पण आमच्या मागच्या रांगेत आलेलूया म्हणजे उठा, एवढाच अर्थ माहीत होता.

त्या मागच्या रांगेत खंडेराव नावाचा वॉचमन बसायचा. रात्रपाळी करून आलेला असायचा बिचारा. पहिल्या वाचनाला त्याची मान पडायची, पण माझा आलेलूया लागला की झोपेतच उभा राहायचा. एकदा तो एसटीत झोपला होता. कंडक्टर म्हणाला, "इगतपुरी आलं, उतरूया." खंडेराव ताडकन उठला आणि भर एसटीत आलेलूया गायला लागला. गाडीतले आणखी तिघं उभे राहिले, म्हणे. ते कोण होते ते अजून कळलेलं नाही.

आमचा आलेलूया उचलायची अक्काबाई पठारे. वय सत्तर, उंची चार फूट, आवाज बारा फूट. तिचा आवाज सुरू असला की अंबडच्या कारखान्याचा भोंगा आपलं तोंड आवरून धरायचा. साडेआठचा भोंगा रविवारी आठ पस्तीसला व्हायचा तो तिच्यामुळेच. आमच्या आलेलूयाची चाल सोपी. ग, म, प, या तीनच सुरांत सगळा खेळ. "आ" आणि "ले" गंधारावर, "लू" मध्यमावर आणि "या" पंचमावर लांबवायचा, अक्काबाईचा श्वास संपेपर्यंत. तो कधी कधी संपायचाच नाही.

आणि चर्चच्या फाटकाबाहेर लंकाबाईची भाजीची गाडी. लंकाबाई आमच्या धर्माची नाही, तिचा देव वेगळा. पण पहिल्या रविवारी तिनं बाहेरून ऐकलं, "आले... लू... या." तिला वाटलं, आतल्या बायका एका सुरात म्हणतायत, आले घेऊ या. पुढच्या रविवारी ती टोपलीभर आलं घेऊन आली आणि सगळ्यात पुढे मांडलं. मिस्सा सुटल्यावर बायकांना समोर ताजं आलं दिसलं, त्यांनी घेतलं. झालं. तिचा गैरसमज तेव्हापासून जो पक्का झाला तो झालाच.

आता ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमचा उपवासकाळ असतो. त्या दिवसांत आलेलूया म्हणत नाहीत. उपवास नुसता पोटाचा नसतो, तोंडाचाही असतो. शुभवर्तमानाच्या आधी आलेलूयाच्या जागी "प्रभू ख्रिस्ता, तुझी स्तुती असो" असं हळू आवाजात म्हणायचं. मीही हळूच वाजायचं, गाणाऱ्यांना आधार देण्यापुरतं. लंकाबाईच्या लक्षात आलं की दरवर्षी याच दिवसांत आतून आल्याची हाक येत नाही. तिनं अक्काबाईला विचारलं, "का वं अक्का, तुमच्यात चाळीस दिवस बंद असतंय का?"

"बंद म्हणजे एकदम बंद," अक्काबाई म्हणाली. "तोंडात सुद्धा नाय आणायचा."

"उष्ण पडत आसंल," लंकाबाई म्हणाली, आणि कोथिंबिरीवर पाणी मारत बसली.

असं सगळं छान चाललं होतं. मग २००४ साली आले फादर वर्गीस. केरळचे. माणूस सोन्यासारखा, पण मराठी पुस्तकातून शिकलेलं. आम्हाला वाटायचं, आपल्याशी बोलतायत की सरकारी नोटीस वाचतायत. उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी त्यांनी मुलांकडून एका पुठ्ठ्यावर सोनेरी रंगानं "आलेलूया" लिहून घेतलं. मग मुलांना तो उंच धरायला लावला आणि म्हणाले, "आता हा आलेलूया पेटीमध्ये ठेवण्यात यावा. ईस्टरच्या मिस्सात पेटी उघडण्यात येईल. तोपर्यंत पेटी कोणीही उघडू नये."

कल्पना सुंदर होती. आवडती वस्तू लपवायची, म्हणजे परत मिळाल्यावर आनंद दुप्पट. फादरांच्या मनात होती मागच्या खोलीतली पत्र्याची, झाकणावर गुलाब काढलेली. पण तिला आमच्याकडे कुणी पेटी म्हणत नाही. ती ट्रंक. चर्चमध्ये पेटी एकच, ती म्हणजे मी.

पुठ्ठा दिला दत्तूच्या हातात. दत्तू म्हणजे चर्चची झाडलोट, मेणबत्त्या, घंटा, सगळं बघणारा पन्नाशीचा माणूस. सांगितलेलं अक्षर न् अक्षर करायचं, हा त्याचा गुण, आणि त्यानं आम्ही हैराण. लोक गेल्यावर त्यानं सोनेरी रंग खरवडला जाऊ नये म्हणून पुठ्ठा मखमलीच्या जाड तुकड्यात गुंडाळला, माझं वरचं झाकण उघडलं आणि ती घडी आत दाबून बसवली. नेमकी ग, म आणि प या सुरांच्या भोकांवर.

"फादर म्हणले पेटीत, तर पेटीत," असं स्वतःशीच म्हणत त्यानं झाकण लावलं.

मित्रांनो, तुम्ही कधी तोंडात उशी कोंबून बोलून बघितलंय? तसं झालं माझं. पट्टी दाबली जायची, पण सूर बाहेर पडायच्या आधीच मखमलीवर डोकं टेकून झोपी जायचा. बाकी सगळे सूर ठणठणीत. नुसते हे तीन फुस्स.

नेमकं त्याच आठवड्यात हिरामणच्या कारखान्यात कान तपासायचं शिबिर झालं. डॉक्टर त्याला म्हणाले, "मामा, वीस वर्षं लेथच्या आवाजात काढलीत. अशा माणसांना काही सूर ऐकू येईनासे होतात. जपा."

रविवारी हिरामण माझ्यासमोर बसला. ग दाबला. काही नाही. म दाबला. काही नाही. प दाबला, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला भाता मिटून घ्यावासा वाटला. त्यानं पेटीला दोष दिला नाही. त्याला डॉक्टर आठवले. त्यानं स्वतःच्या कानांना दोष दिला.

तुम्ही म्हणाल, बाकीच्यांच्या कसं लक्षात आलं नाही? अहो, एक तर मी हळू वाजत होते, आणि वर अक्काबाई गात होती. तिच्या आवाजाखाली लग्नाचा बँड लपवला असता तरी वराला पत्ता लागला नसता.

मिस्सा संपली, सगळे गेले. हिरामण मागे राहिला. त्यानं पुन्हा तिन्ही पट्ट्या दाबल्या, कान माझ्या अगदी जवळ आणून. मग रुमालानं माझ्यावरची धूळ पुसत हळूच म्हणाला, "गेले गं. तिन्ही गेले. बाकी सगळे ठेवले, आलेलूयाचेच नेले बघ." रुमाल खिशात ठेवत म्हणाला, "आता ईस्टरला मी काय वाजवू? मलाच न ऐकू येणारं?"

मला ओरडून सांगायचं होतं, अरे बाबा, तुझे कान जागेवर आहेत, माझं झाकण उघड. पण पेटी कुणी दाबल्याशिवाय बोलत नाही, आणि दाबल्यावर जे बोलायचं तेच माझ्या घशात अडकलेलं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोला, मोहिनीला तर नाहीच. ती म्हणाली असती, हे मला लग्नापासून माहीत आहे.

तीन रविवार त्यानं कसंबसं रेटलं. ते तीन सूर आले की बोट नुसतं टेकवायचा, चुलीवरच्या तव्याला टेकवावं तसं. चौथ्या आठवड्यात फादरांकडे गेला. "बोटं दुखतात फादर. ईस्टरला पल्लवीला बसवा." पल्लवी त्याची लेक. ती कीबोर्ड शिकली होती, आणि छान वाजवायची, हे मला मान्य करावं लागतं, दात ओठ खाऊन का होईना. फादरांना वाईट वाटलं, पण त्यांनी हो म्हटलं.

माझ्या जागेवर कीबोर्ड आला आणि दत्तूनं मला उचलून कोठीत नेलं. नाताळच्या गोठ्यातल्या मूर्ती असतात ना, त्या तिथे ठेवलेल्या. तीन राजांपैकी दोनच उरलेले, आणि एक उंट, तीन पायांचा. मी त्याला माझं दुःख सांगितलं. तो म्हणाला, "तुझे तीन सूर गेले, माझा एक पाय. तू पुढे आहेस." उंट बोलतात का असं विचारू नका. कोठीत चार आठवडे राहून बघा, मग बोलू.

एक दिवस फादरांनी दत्तूला विचारलं, "दत्तू, पेटी सुरक्षित आहे ना? कोणी उघडली नाही ना?"

"कोठीत ठिवली फादर. वर चादर टाकलीय. कोण हात लावतंय."

"उत्तम," फादर म्हणाले. ते गुलाबाच्या ट्रंकेबद्दल बोलत होते. दत्तू माझ्याबद्दल बोलत होता. दोघंही खूश. कोठीच्या दाराआडून मी ऐकत होते, आणि सांगते, त्या दिवशी मला माझ्या नावाचा पहिल्यांदा राग आला.

मग ईस्टर उजाडला. चर्च फुलून गेलं. लोकांनी गावाकडच्या बागेतली द्राक्षं आशीर्वादाला आणून वेदीपाशी रचली होती, पेट्याच्या पेट्या. गुलाबाची ट्रंक फुलं लावून मध्यभागी ठेवलेली. पल्लवी कीबोर्डवर. आणि हिरामण सगळ्यात मागे, खंडेरावाच्या शेजारी, आपल्याच बुटांकडे बघत. बायकोला म्हणाला होता, पुढे उकडतं.

दोन वाचनं झाली. सगळे उभे राहिले. खंडेराव सुद्धा, सवयीनं. फादर हसत हसत म्हणाले, "आता चाळीस दिवसांनंतर आलेलूया बाहेर येईल," आणि त्यांनी ट्रंकेचं झाकण उघडलं. आत निघाल्या अर्धवट जळालेल्या मेणबत्त्या, डांबराच्या गोळ्या आणि उंदराचा सापळा.

फादर दत्तूच्या कानात कुजबुजले. पण गळ्यापाशी माइक होता, तो चालू. त्यामुळे ती कुजबूज लंकाबाईच्या गाडीपर्यंत गेली.

"दत्तू, आलेलूया कुठे आहे?"

"पेटीत हाय फादर."

"पेटीत नाही."

"पेटीतच हाय. माझ्या हातानं ठिवला."

"मी पेटी उघडली आहे. पेटीत सापळा आहे."

"मी पेटीत कशाला सापळा ठिवीन फादर? सूर बिघडतील."

फादरांनी सापळ्याकडे निरखून बघितलं. पेटीत सापळा ठेवल्यावर उंदराचे सूर बिघडतात की काय, असा विचार करत असावेत.

आता पंचाईत बघा. आलेलूयाशिवाय शुभवर्तमान वाचता येत नाही, आणि शुभवर्तमान झाल्याशिवाय कुणाला बसता येत नाही. सगळं चर्च उभं. शोधाशोध सुरू झाली. एकानं दानपेटी हलवून बघितली. दुसऱ्यानं भिंतीवरची औषधाची पेटी उघडली, त्यात एक कापसाचा बोळा होता. दोन बायका द्राक्षाच्या पेट्या उपसायला लागल्या, आणि शोधता शोधता एक पेटी संपली. दत्तू प्रत्येकाला तेच सांगत होता, "पेटीत हाय, पेटीत हाय," आणि प्रत्येक जण नवीन पेटीकडे पळत होता.

शेवटी अक्काबाईचे गुडघे बोलायला लागले. ती काठी आपटून म्हणाली, "अरे दत्तू, कुठल्या पेटीत म्हणतो तू?"

"आपल्या पेटीत. हिरामणदादाच्या."

"मग तसं बोल की. फादर, ही ट्रंक हाय. पेटी कोठीत पडलीय."

फादर वर्गीसांनी एकदा ट्रंकेकडे बघितलं, एकदा दत्तूकडे. मग माइकमध्येच म्हणाले, "पुस्तकात असे लिहिलेले नव्हते."

दत्तू आणि खंडेराव मला उचलून घेऊन आले. चादरीत अडकून उंटही आला. मला वेदीपाशी ठेवलं, झाकण उघडलं, दत्तूनं मखमल ओढून काढली. सोनेरी आलेलूया वर धरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. पण पुठ्ठा वर धरायच्या नादात दत्तूचा गुडघा माझ्या भात्यावर आला, आणि तोल सावरताना कोपर पडलं पट्ट्यांवर. कुठल्या, ते सांगायला नको.

मित्रांनो, चाळीस दिवसांचा आवाज साठला होता. ग, म, प, तिन्ही एकदम सुटले. पत्रे थरथरले. अंबडचा भोंगा दचकून आपोआप वाजला. खंडेरावाच्या खिशात बेदाणे होते, ते फुगून पुन्हा द्राक्षं झाले. विश्वास बसत नसेल तर उंटाला विचारा.

आणि अगदी मागून आवाज आला, "गंधार कुणी वाजवला?"

सगळ्यांनी माना वळवल्या. हिरामण पुढे येत होता, लोकांना हातानं बाजूला करत.

"दत्तूच्या कोपरानं," अक्काबाई म्हणाली.

"मला ऐकू आला."

"येणारच. बहिरा हायस का तू?"

हिरामण माझ्यासमोर खाली बसला. एक बोट ठेवलं. ग. दुसरं. म. तिसरं. प. तो प त्यानं एवढा वेळ धरून ठेवला, की माझा श्वास संपला तरी बोट उचलेना. मग मान खाली घालूनच म्हणाला, "अक्का, मला वाटलं माझे कान गेले. म्हणून सोडली पेटी."

अक्काबाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "कान नव्हते गेले, येड्या. सुरांवर आलेलूया झोपला होता. कुणाला तरी विचारायचं की."

पल्लवीनं कीबोर्ड बाजूला सरकवला आणि बापाला जागा केली. तो म्हणाला, "उठू नको. मी ग देतो, तू वरचा प धर."

मग जो आलेलूया झाला, त्याला अक्काबाईच्या हिशेबानं पाच मिनिटं लागली आणि माझ्या हिशेबानं पाऊण तास. फादर मध्ये दोनदा शुभवर्तमान उघडून पुन्हा मिटून उभे राहिले. तिसऱ्यांदा तेही गायला लागले.

आता मी म्हातारी झाले. माझ्या दोन पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत आणि भात्याला ठिगळ आहे. पण जागा माझीच आहे, कीबोर्डच्या शेजारी. आम्ही एकमेकांशी बोलत नाही, पण भांडतही नाही. उंटाला नवीन पाय मिळाला. आणि उपवासकाळ आला की फादर आता म्हणतात, "आलेलूया गुलाबाच्या ट्रंकेत ठेवण्यात यावा," आणि दत्तू तरीही एकदा विचारून घेतो, "म्हंजे पेटीत नाय ना?"

तर मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू बोलेनाशी झाली, तर कोठीत टाकायच्या आधी तिचं झाकण उघडून बघा. बऱ्याचदा आत मखमलीचा तुकडा एवढाच असतो. आणि एखादं माणूस बोलेनासं झालं तर जास्त जपा, कारण माणसाला झाकण नसतं. त्याला विचारावंच लागतं.

राहिलं त्या ईस्टरचं. मिस्सा चालू असतानाच लंकाबाई गाडी ढकलत थेट चर्चच्या दारापर्यंत आली होती. चाळीस दिवसांनी आतून हाक आली, आणि तीही अशी, म्हणून तिनं चाळीस दिवसांचं आलं एकदम आणलं होतं, पोतंभर. तिच्या गाडीचं चाक कुरकुरलं ते सगळ्यात आधी ऐकलं हिरामणनं, एवढ्या गर्दीत.

"आली बघा लंकाबाई," तो म्हणाला. कान इतके तिखट.

आणि मिस्सा सुटल्यावर मोहिनीनं दारातून त्याला तीनदा हाक मारली, "अहो, जरा आलं घ्या." ते मात्र त्याला एकदाही ऐकू आलं नाही.